पहिली घागर भागरतेची

ता. ९ एप्रिल, रविवार

नळाच्या तोंडात जाळ्या घालून ठेवल्या. मले कोणी विचारलं नाही. सकाळी भांडे घासाले बसली तं नळातून पाणी नाही, नुसता पांढरा फेस. म्हणलं टाकी सरली. सुनेले वर चढून पाहाले लावलं. टाकी अर्ध्याच्या वर.

नातीचं काम हे. प्राची. नागपूरले शिकते. काल संध्याकाळी आली तं संगं मिस्त्री. चप्पल काढाच्या आधी नळ खोलणं सुरू. जयभीम मग घातला, तोही पाना हातात धरून.

"आजी, जाळीत हवा मिसळते. पाणी कमी जाते, पण हाताले तेवढंच लागते."

"म्हणजे तुहा नळ मले फसवते."

"हो. चांगल्यासाठी."

बापावर गेली. तोही चांगल्यासाठीच खोटं बोलते.

न्हाणीतला फवारा पण बदलला. आधीचा धो धो पडे, हा बारीक. मी नाही उभी राहणार त्याच्याखाली. बकेट अन् लोटा, बस.

ता. ११ एप्रिल

प्राचीचा बाप, माहा विलास, बोंबलत गेला. जवाहरनगरले कामाले आहे, फॅक्टरीची बस पुलापलीकडून पकडा लागते. म्हणे फवाऱ्यात साबण निघत नाही. डोक्यात फेस घेऊन पळाला.

सुनंदा म्हणे, "आई, त्याहिले पाणी लागतच नव्हतं. आत उभं राहणं लागत होतं."

सून बोलते कमी. बोलली की खिळा ठोकते.

मागच्या मे महिन्यात बोर हवा माराले लागली. मोटार जळली. टँकर आला की ह्या वयात घागर घेऊन पळा. वैनगंगा गावाच्या अंगाले लागून, अन् उन्हाळ्यात तिच्या पाण्याले वास. पोट्टीनं त्याच्यासाठीच हे काढलं, मले कळते. विचाराव तं लागते ना पण.

ता. १२

टाकी संध्याकाळपर्यंत पुरली. दुपारी दुसऱ्यांदा मोटार लावा लागली नाही.

प्राचीले सांगणार नाही. डोक्यावर बसन.

ता. १४ एप्रिल, जयंती

पाव्हणे. भांड्याचा ढीग. तरी पाणी पुरलं.

सकाळी मोटार लागली तशी शेजारची भागरता कुपाटीशी, मधल्या काट्याच्या कुंपणाशी, आली. "गिरजे, ओ दे वं." मी ओ दिली, मग आत आली. एवढे वर्षं झाले, माह्या ओ शिवाय आमच्या सांदवाडीत पाय ठेवत नाही. घराच्या मागं नळ आहे तिथं तिनं घागर लावली अन् मग आमच्या पाव्हण्याले पाणी.

सुनंदाची भाची शहरातली. "आत्या, ही बाई पहिले काहून भरते? आपल्या घरची तं नाही."

मी सांगितलं तिले. बोर माराची गाडी आमच्या आंगणात शिरत नव्हती. भागरतेनं आपली कुपाटी तोडली अन् तिच्या वाडीतून गाडी घातली. भाजीचा वाफा गेला. तिचा दीर अंगावर आला, "त्यायच्या पाण्यासाठी आपली कुपाटी तोडते?" तिनं वळूनबी नाही पाहिलं. मले म्हणे, पाणी लागलं तं पहिली घागर माही.

लागलं. साऱ्या गल्लीसमोर तिनं घागर डोक्यावर घेतली अन् दिराच्या दारापुढून नेली. तिच्या घरी देव, आमच्या घरी बुद्ध. तोवर तिच्या जातीतलं कोणी आमच्या घरचं पाणी पीत नव्हतं. तेव्हापासून मोटार लागली की पहिली घागर तिची.

भाची म्हणे, "भारी."

काय भारी? तिची कुपाटी, आमचं पाणी. हिशोब बरोबर आहे.

पण बोलते किती! घागर भरून वाहे, नालीले पाणी, अन् ही जावेच्या पोरीचं लग्न सांगे. बिड्या वळत होती तेव्हा तोंड बंद राहे. बिड्या सुटल्या, तोंड सुटलं.

ता. १६, रविवार

प्राचीनं मले दाखवलं. जुना फवारा बकेटीवर धरला, मग नवा धरला. गाणं लावलं मोबाईलवर. एकाच गाण्यात जुन्यानं बकेट भरून सांडली, नव्यानं अर्धीच्या थोडी वर. ती माह्या तोंडाकडे पाहे.

मग मीच म्हणलं, मागचा नळ राहिला. तिथं तं सगळ्यात जास्त जाते. ते पायलीभर लग्न ऐकता ऐकता.

मिस्त्रीजवळ दाबाचा नळ होता. दाबून धरलं तोवर पाणी, सोडलं की बंद. टेसनवर राहते तसा. म्हणलं हाच लाव.

प्राची म्हणे, "आजी, मागचा राहू दे. तिथं दांडीचा लावू, मी पुढच्या खेपेले आणतो."

"तू आणशीन तोवर नदी जाईन नालीतून."

लावला. मले आवडला. टणक आहे.

ता. १७

भागरता आली. नळ पाहून उभीच राहिली.

मी सपरीतल्या ओट्यावरून म्हणलं, "आता तोंड चाललं तरी पाणी नाही चालणार, बाई."

हसली ती. मलेबी हसू आलं. तळहातानं दाबला, मग दुसरा तळहात वर ठेवला. "कडक आहे वं."

"नवा आहे. बसन हात."

अर्धी घागर नेली. लग्नाचं काही बोलली नाही. मले वाटलं, बरं झालं.

ता. १९

जाळीतून पाणी कमी. बोरचं पाणी जड, पांढरा थर धरते. सुनंदा म्हणे फेकू. फेकू काहून? चिंचेच्या पाण्यात बुडवली अन् पितळेच्या भांड्यासारखी घासली. चकचक. प्राचीले फोनवर सांगितलं तं म्हणे, "आजी, तू तं इंजिनिअर झाली."

म्हणलं, चौथीत मास्तरनं नाव काढलं नसतं तं झाली असती.

ता. २१

सकाळी भागरतेले ओ दिली अन् पुढच्या दारात कुरमुरेवाल्याशी भांडाले गेली. मागं गेली तं नळ चालू. घागर काठोकाठ, नाली भरून. आजूबाजूले कोणी नाही. नळाच्या बटनावर लुगड्याची चिंधी आवळून बांधलेली.

डोक्यात गेलं. एवढं करून ठेवलं पाण्यासाठी, अन् चिंधी बांधून फिराले गेली!

गाठ सुटेना. ओली, कुत्र्यानं चावल्यासारखी. विळा आणून कापली. घागर कुपाटीपाशी नेऊन ठेवली अन् चिंधी कुपाटीच्या काट्यावर टांगली, गल्लीले दिसन अशी. मोठ्यानं म्हणलं, "ज्याची असन त्यानं न्यावी. नळाचे हातपाय बांधाले आमचं घर नाही पडलं."

तिच्या सपरीत भांडं वाजलं. घरात होती म्हणजे. आली नाही.

ता. २२

आली नाही.

ता. २३, रविवार

आली नाही. घागर पण कुपाटीपाशी नाही, चिंधी पण नाही. नेली केव्हातरी. राग आला महाराणीले. येईन. मे महिना लागला की येईन.

प्राची ह्या रविवारी नाही आली. परीक्षा.

ता. २६

भा. शाळेमागच्या हातपंपावर जाते म्हणे. सुनंदानं पाहिलं. उन्हात तेवढं लांब, अन् घरामागं नळ. तमाशा आहे नुसता. लोकाले दाखवाले.

सुनंदाले विचारलं, कोणी काही म्हणते काय? आधी नाही म्हणे. मग म्हणे, "तिचा दीर म्हणत होता, पाहिलं? शेवटी कुलूपच लावलं त्यायनं पाण्याले."

जेवण गेलं नाही. तुरीची दाळ होती तरी.

ता. ३० एप्रिल

मोटार लावली की कान कुपाटीकडे. कोणी नाही. पहिली घागर सुनंदानं भरली. घरातली माणसं पहिले भरून राहिली. डोळ्याले बरं नाही वाटलं ते.

ता. ५ मे, बुद्धपौर्णिमा

खीर केली. वाटी भरून सुनंदाच्या हातानं भा.कडे धाडली. म्हणलं, मी धाडली म्हणून सांगजो नको. कोण धाडन दुसरं. येडी मी.

वाटी परत आली. घासून, रिकामी.

आमच्या इथं रिकामी वाटी कोणी देत नाही. काही नाही तं मिरची टाकतात, साखरेची चिमूट टाकतात. भा.नं आजवर एकही वाटी रिकामी नाही दिली. तिच्या घरी चिमूटभर मीठ नव्हतं तेव्हाबी कढीलिंबाचे दोन पानं टाकून दिली.

सुनंदा उभीच होती. "आई, एक सांगू? तिनं वाटी दोन तळव्यात धरून घेतली. बोटं वळतच नाहीत तिचे. अंगठा तं लाकडासारखा. बिड्या त्याच्यानंच सुटल्या म्हणे. कोणाले सांगत नाही."

मी म्हणलं, "जा, कुकर पाहा." कुकर कुठं होता. खीर पातेल्यात केली होती.

ता. ६

दुपारी सारे झोपले तं मागं गेली. चारी बोटं सरळ ठेवली, अंगठा आत दाबला, अन् तळव्यानं नळ दाबून पाहिला. येते पाणी. पण बटन घसरते. तळवा घसरला की बंद. पुन्हा दाब. कोपरानं दाबला तं घागर धराले हात उरत नाही. तिची घागर भरली नाही माह्यानं.

मग चिंधी समजली. चिंधीनं बटन बांधलं, हात मोकळे. बांधली दातानं. चावलेली गाठ. अन् भरल्यावर सोडवाले गेली तं बोटं नाहीत. पाणी चालू, गाठ सुटत नाही, अन् मले आवाज द्यावं तं मी पुढं कुरमुरेवाल्याच्या अंगावर. मी ओ दिली नसन. घरी विळाच आणाले गेली असन. अजून काय आणाले जाईन?

मी विळा घेऊन आधी पोहोचली.

चिंधी काट्यावर टांगली. गल्लीले दिसन अशी.

ता. ७ मे, रविवार

प्राची आली. दांडीचा नळ घेऊन. मी सांगितलंबी नव्हतं, तिच्या ध्यानात होतं. दांडी कोपरानं ढकलली की चालू, उलटी ढकलली की बंद. लहान पोरगंबी लावन. मिस्त्रीनं लावला, मी कोपरानं पाहिला, मनगटानं पाहिला. जाळी पण घालतो म्हणे. मी म्हणलं, ह्याच्यात नको.

"काहून आजी? पाणी वाचते."

"घागर भराची तं घागरभरच लागते पाणी. जाळीनं काय घागर लहान होते? फक्त उभं राहणं वाढते."

प्राची म्हणे, "हो ना. भरायच्या नळाले काही वाचत नाही. वाचते ते धुवाच्या नळाले."

हे मले आधी सुचाव होतं. भांडे घासाच्या नळाले जाळी ठीक. विलासच्या फवाऱ्याले ठीक, त्याले कुलूप लावलं तरी ठीक. पण मागच्या नळावर वाचत काय होतं? सांडलेलं तांब्याभर पाणी. बोलता बोलता सांडे ते. तेवढ्यासाठी मी नळ टणक केला.

पोट्टी म्हणे, "जाऊन बोल ना मग."

"काय बोलू?"

"सॉरी म्हण."

हे नागपूरचं आहे. आमच्या वयाच्या बायांत असं काही नसते. आम्ही एकमेकीच्या घरी जाऊन बसतो, पान खातो, भांडण आपोआप शिळं होते. पण बसाले तं तिनं ये म्हणाव लागते.

ता. ८

मोटार लागली तशी पहिली घागर मी भरली. आमची पितळेची. कुपाटीपाशी दगडावर ठेवली, तिच्या बाजूले तोंड करून. कोणाले हात लावू दिला नाही.

संध्याकाळी भरलेलीच. कढीलिंबाले ओतली.

ता. ११

तसंच. कढीलिंब हिरवा होऊन राहिला.

सुनंदा म्हणे, "आई, पाणी वाचवाले निघालो होतो आपण."

म्हणलं, बोलत नव्हती तेच बरं होतं तुहं.

ता. १४, रविवार

रस्त्यात भेटली. हातपंपावरून येत होती. बकेट कोपराच्या घडीत अडकवलेली, प्लॅस्टिकची, बारकी. पाणी हिंदकळून लुगडं भिजलेलं. घागर आता उचलत नाही म्हणजे.

मले चांगलं बोलाचं होतं. तोंडातून निघालं, "एवढ्या उन्हात कायले मरते वं?"

ती थांबली नाही. "मरन तं माह्या पाण्यानं मरन."

मी तिथंच. मागून म्हणलं, "नळ बदलला." ऐकलं काय माहीत नाही. मोटारसायकल गेली मधून.

घरी येऊन सुनंदावर राग काढला. भाजीत मीठ बरोबर होतं तरी.

ता. १८

आंधळगावची बहीण आली. तिले सांगितलं नाही काही. तीच म्हणे, "भागरता दिसली नाही यंदा. आल्या आल्या तिचाच आवाज येते पहिले."

म्हणलं, बरं नाही तिले. खोटं नाही ते.

ता. २१, रविवार

यंदा बोरनं हवा नाही मारली. मे सराले आला, मोटार एकदाच लागते, टाकी संध्याकाळपर्यंत. विलास गावभर सांगून राहिला, माह्या पोरीनं केलं. दोघं तिघं जाळ्या पाहाले आले. सरपंचाची बायको फवाऱ्याखाली हात धरून उभी राहिली. साऱ्याले दाखवलं. सारे म्हणे वा.

मागचा नळ कोणाले दाखवला नाही.

एवढं पाणी वाचलं, अन् ज्या बाईनं कुपाटी तोडली म्हणून हे पाणी घरात आलं ती शाळेमागं हातपंप हालवते. अंगठा नाही तं खांद्यानं हालवत असन. प्राचीनं मोबाईलवर टाकीचा फोटो काढला. मी त्याच्यात नाही आली. म्हणलं, माही मान दुखते.

ता. २४

तिच्या दारावरून गेली. मुद्दाम. ती सपरीत बसून होती, पाठ करून. मी खोकलली. ती पण खोकलली. वळली नाही.

दोन म्हाताऱ्या खोकलून आल्या. झालं काहीच नाही. तरी आज जेवली बरी.

ता. २६

घागर ठेवली. संध्याकाळी भरलेलीच. कढीलिंबाले.

विलास म्हणे, "माय, मी जातो, बोलतो, पाया पडतो काकूच्या." म्हणलं, खबरदार. चिंधी मी टांगली. तू पाया पडून काय करशीन? उगाच ती तुले चहा पाजन अन् माहं तसंच राहीन.

ता. २८ मे, रविवार

सकाळी मोटार लागली. पहिली घागर भरून दगडावर ठेवली. मग धान निवडाले बसली. दुपारी जाऊन पाहिलं तं घागर रिकामी.

शेळी असन म्हणलं. पण शेळीनं पाडली असती तं घागर आडवी राहिली असती, खाली चिखल असता. दगड कोरडा. घागर पालथी घातलेली, तोंड खाली, जशी पाणी घेतल्यावर बायामाणूस घालते. घासलेली पण वाटली. मले आता दिसते कमी, म्हणून नक्की नाही सांगत.

सुनंदाले विचारलं. आईची शपथ, मी नाही. विलास झोपून होता. प्राची म्हणे, "मी कायले पालथी घालीन?" खरं आहे. तिले घागर कशी ठेवतात हेच माहीत नाही.

घागरीखाली काही ठेवलं असन म्हणून उचलून पाहिलं. कढीलिंबाचं एक पान होतं. पण झाड आमचंच, वरतीच आहे. वाऱ्यानंबी पडन.

नळाजवळ गेली. दांडी सरळ, बंद. घागर पुन्हा भरून दगडावर ठेवली. वेळ नव्हती, तरी.

संध्याकाळी साऱ्याले एका जागी बसवून सांगून ठेवलं. उद्या, परवा, केव्हाबी, कुपाटीपासून आवाज आला तं कोणी ओ द्याची नाही. सुनंदानं नाही. विलासनं नाही. प्राची घरी असन तं तिनं तं नाहीच. मी न्हाणीत असली तं तिले उभी राहू द्या, मी फवाऱ्याखाली असली तरी ओलीच येईन. ओ मी देईन.